न्यूयॉर्कला जाल तेव्हा नवव्या मजल्यावरचं ते दार कसं पाहाल

लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या माझ्या वयाच्या माणसांना न्यूयॉर्क दाखवतात ते ठरलेलं असतं. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअरचे दिवे, एखाद्या उंच इमारतीची गच्ची. ते जरूर बघा. पण एक दिवस वेगळा काढा, शक्यतो शनिवार-रविवार सोडून, आणि मी सांगते तसा पायी घालवा. मी महाराष्ट्रात एकोणतीस वर्षं कारखाना निरीक्षक म्हणून नोकरी केली. दार कुठल्या बाजूला उघडतं, जिना किती रुंद आहे, कडी बाहेरून आहे की आतून, हे बघण्यात आयुष्य गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या लोकांनी घरांसाठी, कामाच्या तासांसाठी, कारखान्यांसाठी जे कायदे भांडून मिळवले, ते मला पुस्तकांतून थोडे कळले होते. नीट कळले ते तिथल्या फुटपाथवर उभं राहिल्यावर.

पहिली गोष्ट, क्रम उलटा ठेवा. १९११ मध्ये बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या ट्रँगल कारखान्याला आग लागली आणि १४६ जण गेले. मी पहिल्या वेळी थेट त्या आगीच्या इमारतीपाशी गेले आणि चुकले. आग आधी बघितली की त्या मुली फक्त मेलेल्या म्हणून लक्षात राहतात. त्या कुठे राहायच्या, काय मागत होत्या, हे मागे पडतं. म्हणून सकाळी त्यांच्यासारख्यांची घरं बघा, मग त्यांच्या वस्तीतल्या नर्सचं घर, मग जिथे संप ठरला ते सभागृह, आणि दुपारी साडेचारच्या आधी ती इमारत. वेळ मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे कळेल.

आदल्या रात्री दोन कामं करा. ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत गेलेल्या १४६ जणांची यादी कॉर्नेल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. नाव, वय, राहण्याचा पत्ता. सगळी वाचायला बसू नका. त्यातलं एक नाव निवडा आणि कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मी रोझारिया माल्टीज हे नाव लिहिलं होतं, वय १४. माझी नात तेव्हा अकराची होती.

दुसरं काम, लुइस हाइन यांचे फोटो. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने ते सर्वांसाठी खुले ठेवलेत, पाच हजारांवर आहेत. हाइन शिक्षक होते. बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी १९०८ पासून ते सूतगिरण्या, खाणी, काचेचे कारखाने हिंडले. मालक आत घेत नसत, म्हणून वेगवेगळी सोंगं घेऊन जायचे. मुलाची उंची आपल्या कोटाच्या कितव्या बटणापर्यंत येते ते बघून ठेवायचे आणि खिशातल्या खिशात टिपून घ्यायचे. फोटो बघताना चेहऱ्यावर थांबू नका, खालची ओळ वाचा. मुलाचं वय, काम, कधी उंची, कधी मजुरी. माझ्या नोकरीत वयाची खात्री प्रमाणक शल्यचिकित्सक, म्हणजे कारखान्यांसाठी सरकारने नेमलेले डॉक्टर करायचे, कागद असायचा. कागद नसताना पुरावा कसा गोळा करायचा हे या माणसाने कोटाच्या बटणांवर करून दाखवलं. दहा फोटो पुरेत. त्याहून जास्त एका रात्री बघवत नाहीत.

जर्सी सिटीकडून येत असाल तर पाथ गाडीने चौदाव्या रस्त्याच्या स्टेशनला उतरा, तिथेच एफ सबवे धरा आणि डिलन्सी स्ट्रीटला बाहेर या. हा भाग लोअर ईस्ट साइड. ऑर्चर्ड स्ट्रीटवर टेनेमेंट म्युझियम आहे. टेनेमेंट म्हणजे दाटीवाटीची, भाड्याच्या घरांची इमारत. नुसतं तिकीट काढून आत हिंडता येत नाही, मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं. म्हणून आधी आरक्षण करा आणि शिवणकाम करणाऱ्या कुटुंबांची खोली ज्या फेरीत आहे तीच फेरी मागून घ्या. जिने जुने आणि अरुंद आहेत. गुडघे दुखत असतील तर आरक्षण करतानाच विचारा.

९७ क्रमांकाची ती इमारत १८६३ ची. तिथे सुमारे सात हजार माणसं राहून गेली. एकेक घर तीन खोल्यांचं, मिळून तीनशे चौरस फुटांच्या जरा वर. रस्त्याकडच्या खोलीला खिडकी, मधे स्वयंपाकघर, त्याच्या मागे अंधारी झोपायची खोली. माझ्या विहीणबाई बरोबर होत्या. त्यांचं माहेर गिरगावातल्या चाळीतलं. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे गॅलरी होती हो. दार उघडलं की वारा यायचा. इथे श्वास कुठून घ्यायचा?" त्यांनी नेमका प्रश्न विचारला होता. १९०१ च्या राज्याच्या घरबांधणी कायद्याने नेमकं तेच हाताळलं. नव्या इमारतीत प्रत्येक खोलीला खिडकी आणि प्रत्येक घरात संडास. जुन्या इमारतीत आतल्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीत खिडकी पाडायची, जिन्यात दिवा लावायचा, दोन घरांमागे एक संडास बांधायचा. त्याआधी संडास मागच्या अंगणात होते, सगळ्या इमारतीला मिळून.

आत गेल्यावर भिंतीतली ती खिडकी शोधा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उघडणारी खिडकी आपल्याला विचित्र वाटते. पण ती म्हणजे कायद्याचं कलम आहे, लाकडात बसवलेलं. घरमालकांना हा खर्च नको होता, त्यांनी संडासांवरून कोर्टात भांडण नेलं आणि हरले. इथे लेव्हिन कुटुंबाची खोलीही दाखवतात. घराच्या पुढच्या खोलीतच कपडे शिवण्याचा कारखाना, शिवणारे, इस्त्री करणारा, चूल पेटलेली, आणि त्याच घरात लहान मुलं. रोगार्शेव्हस्की कुटुंबातला बाप इस्त्रीकाम करायचा, तो १९१८ मध्ये क्षयाने गेला. घर कुठे संपतं आणि कारखाना कुठे सुरू होतो हे ठरवता येत नाही, आणि असल्या ठिकाणी निरीक्षकाचे हात बांधलेले असतात. माझ्या नोकरीत घरोघरी चालणारं असं काम मी डोळ्यांनी बघितलं. त्या घरांवर माझा अधिकार चालत नव्हता.

तिथून दक्षिणेकडे पंधराएक मिनिटं चाललात की २६५, हेन्री स्ट्रीट. लाल विटांचं घर. हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही संस्था अजून चालू आहे, तिचं छोटं प्रदर्शन विनामूल्य आहे, वेळ आधी बघून जा. लिलियन वॉल्ड ही तरुण नर्स १८९३ मध्ये या वस्तीतल्या बायकांना घरगुती शुश्रूषा शिकवत होती. एक लहान मुलगी वर्गात येऊन तिला आपल्या आजारी आईकडे घेऊन गेली. ते घर बघून आल्यावर वॉल्ड या वस्तीतच राहायला आली आणि घरोघर जाणाऱ्या नर्सची सेवा उभी केली. त्या नर्स एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जात, म्हणजे दर वेळी सगळे जिने उतरून चढायला नकोत. तसा एक प्रसिद्ध फोटो आहे, हातात बॅग घेऊन कठडा ओलांडणारी नर्स. तो बघितल्याशिवाय निघू नका.

या घरात आणखी एक बाई बरीच वर्षं राहिल्या, माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाच्या. फ्लोरेन्स केली. १८९३ मध्ये इलिनॉय राज्याच्या त्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. तिथल्या कायद्यात बायकांसाठी आठ तासांचा दिवस होता. दोन वर्षांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. त्यांनी सोडलं नाही. १८९९ मध्ये न्यूयॉर्कला येऊन ग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेचं काम हातात घेतलं आणि माल विकत घेणाऱ्या बायकांनाच विचारायला लावलं, हा कपडा कुठे शिवला, किती तास काम करून शिवला. कारखान्याची तपासणी करून बऱ्या कारखान्याच्या कपड्यांना पांढरी चिठ्ठी लावायची. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठांनी मला सांगितलं होतं की हे बायकांचं क्षेत्र नाही. तेव्हा मला केलींचं नाव माहीत असतं तर बरं झालं असतं.

दुपारचं खाणं बरोबर घ्या. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. विकत घ्यायचं असेल तर हाउस्टन स्ट्रीटवर योना शिमेलचं दुकान १९१० पासून आहे, तिथे बटाट्याचं सारण भरून भाजलेला निश मिळतो. शाकाहारी माणसाला पोटभर होतो.

मग कूपर युनियन. हाउस्टन स्ट्रीटपासून उत्तरेला थोडंच चालायचं आहे. तपकिरी दगडाची भारदस्त इमारत आणि तिच्या तळघरात मोठं सभागृह. कार्यक्रम असेल तेव्हाच आत जाता येतं, नसेल तर बाहेरच्या बाकावर बसून पुढचं वाचा. २२ नोव्हेंबर १९०९ च्या रात्री इथे शर्टवेस्ट शिवणाऱ्या मुली जमल्या होत्या. शर्टवेस्ट म्हणजे बायकांचा कॉलर-बटणांचा शर्टासारखा ब्लाउज, तेव्हा नोकरदार मुलींमध्ये त्याची फार चलती होती. व्यासपीठावर पुढारी लांबलचक बोलत होते. खालून तेवीस वर्षांची क्लारा लेमलिच उठली. संपावर असताना मारहाणीत तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. ती यिद्दिश या ज्यूंच्या भाषेत थोडक्यात म्हणाली की बोलणं पुरे झालं, सार्वत्रिक संपाचा ठराव मांडते. सभेने उजवे हात वर करून शपथ घेतली. त्यानंतर जो संप झाला त्याला वीस हजारांचा उठाव म्हणतात. बहुतेक मालकांनी करार केले. ट्रँगलने युनियन मान्य केली नाही. मागण्यांमध्ये आग लागल्यास सुटकेचे बरे जिने आणि कुलूप नसलेली दारं हेही होतं. हे इथेच, या बाकावर, नीट मनात ठेवा. मुलींनी दार उघडं मागितलं होतं, आगीच्या सव्वा वर्ष आधी.

आता पश्चिमेला दहा मिनिटं चालून वॉशिंग्टन प्लेस आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर या. दहा मजली इमारत. तेव्हा ॲश बिल्डिंग, आता ब्राउन बिल्डिंग, न्यूयॉर्क विद्यापीठाचे वर्ग भरतात. ओळखायला सोपं आहे, पोलादी पट्टी आहे आणि तिच्यात नावं कोरून आरपार कापली आहेत. हे स्मारक ऑक्टोबर २०२३ मध्ये झालं. नावं डोक्यावर आहेत, मान वर करून वाचता येत नाहीत. खाली कमरेच्या उंचीला काळी चकचकीत पट्टी आहे, तिच्याकडे बघा. तिच्यात वरच्या अक्षरांमधून आकाश दिसतं आणि नाव वाचता येतं. तुमच्या कागदावरचं नाव इथे शोधा. घाई करू नका, मला वीस मिनिटं लागली.

मग रस्त्याच्या पलीकडे जा आणि मजले मोजा. आठवा, नववा, दहावा, हे ट्रँगलचे. मी माझ्या जुन्या सवयीने तपासणी केली, तुम्हीही याच क्रमाने करा.

इमारत अग्निरोधक होती, आणि ते खरंच होतं. आग विझल्यावर ती उभीच राहिली, आजही तीच उभी आहे. जळलं ते आतलं सगळं. जिने दोन. मजल्याचं क्षेत्रफळ बघता तीन हवे होते. मागच्या चिंचोळ्या चौकातली लोखंडी शिडी तिसरा जिना म्हणून धरली गेली. ती माणसांच्या भाराने वाकून कोसळली. पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा नव्हती. आगीची कवायत कधी झाली नव्हती. कापण्याच्या टेबलाखाली पेट्यांमध्ये चिंध्या साठल्या होत्या, त्या कित्येक आठवड्यांत उचलल्या नव्हत्या. आग तिथेच लागली, आठव्या मजल्यावर, २५ मार्च १९११, शनिवार, दुपारी ४ वाजून ४० मिनिटं. काम सुटायला पाच मिनिटं होती.

दहाव्या मजल्यावर मालकांना आठव्याने कळवलं, ते गच्चीवर गेले, शेजारच्या इमारतीतून विद्यार्थ्यांनी शिड्या टाकल्या आणि ते वाचले. नवव्या मजल्याला कुणी कळवलं नाही. ग्रीन स्ट्रीटच्या बाजूचा जिना काही मिनिटांत पेटला. वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूचं दार कुलूपबंद होतं. काम सुटताना सगळ्यांनी एकाच दाराने जावं, म्हणजे पर्स तपासता येतील, एवढ्यासाठी. जोसेफ झिटो आणि गास्पर मोर्टिलालो हे दोघे लिफ्टवाले जमेल तितक्या खेपा करत राहिले. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंत पोचली. साठांहून जास्त जण खिडक्यांतून खाली आले. तुम्ही उभे आहात तो फुटपाथ. मेलेल्या १४६ पैकी १२३ बायका आणि मुली होत्या, बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांच्या.

माझी नात माझा हात धरून उभी होती. तिने विचारलं, "आजी, दाराला कुलूप लावायचं नाही असा नियम नव्हता का?"

होता. हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे. न्यूयॉर्कच्या कामगार कायद्यात आगीच्या आधीपासून लिहिलेलं होतं की कामाच्या वेळात दारं बंद ठेवू नयेत आणि व्यवहार्य असेल तेथे ती बाहेरच्या बाजूला उघडावीत. ॲश बिल्डिंगची दारं आत उघडत होती, कारण जिन्याचा चौथरा अरुंद होता, म्हणजे व्यवहार्य नव्हतं. "व्यवहार्य असेल तेथे" या तीन शब्दांखाली काय काय झाकता येतं हे मी नोकरीत शिकले. एका औद्योगिक वसाहतीतल्या तयार कपड्यांच्या युनिटमध्ये मी मागचं शटर बंद बघितलं, आत दीडशे बायका. मॅनेजर म्हणाला, "चोरी होते, मॅडम." किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला गेलेला. मी शेरा लिहिला, नोटीस काढली, पुढच्या भेटीत शटर उघडं होतं. त्यानंतर ते रोज उघडं राहिलं का, हे मी कधीच खात्रीने सांगू शकणार नाही. वर्षाला एक-दोन भेटी देणारी व्यक्ती एवढंच करू शकते. भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात दाराचं कलम आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं की आत माणूस असताना दार आतून सहज आणि ताबडतोब उघडता आलं पाहिजे आणि सरकतं नसेल तर ते बाहेरच उघडलं पाहिजे. ते कलम वाचताना मला आता नववा मजला दिसतो.

खटल्याचंही सांगून ठेवते, कारण मुलं विचारतात. मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस या मालकांवर डिसेंबर १९११ मध्ये खटला चालला. जळकं कुलूप ढिगाऱ्यातून काढून कोर्टात ठेवलं होतं. केट आल्टरमन या मुलीने आपली मैत्रीण मार्गारेट श्वार्ट्झ बंद दाराशी कशी गेली ते सांगितलं. बचावाच्या वकिलाने तिला तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावली, शब्द तेच आले, आणि पाठ करून आली आहे असं ज्युरीच्या मनात भरवलं. दार त्या वेळी बंद आहे हे मालकांना माहीत होतं असं सिद्ध करायचं होतं, ते झालं नाही. दोघे सुटले. १९१४ मध्ये दिवाणी दाव्यांत एका जिवामागे ७५ डॉलर दिले गेले.

आता इमारतीकडे पाठ करून वॉशिंग्टन स्क्वेअर बागेत या, एकच चौक दूर आहे. उत्तरेकडच्या विटांच्या घरांकडे तोंड करून बसा. त्या दुपारी फ्रान्सिस पर्किन्स तिथल्या एका घरी चहाला आल्या होत्या. बंबांच्या घंटा ऐकून त्या धावल्या आणि माणसं खाली पडताना त्यांनी बघितली. तीस वर्षांच्या होत्या, न्यूयॉर्कच्या ग्राहक संघटनेत काम करत होत्या, केलींच्या तालमीतल्या. जून १९११ मध्ये राज्याने कारखाना चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष अल स्मिथ, दोघेही राजकारणातले मुरलेले. आयोगाने पहिल्या वर्षी १,८३६ ठिकाणं तपासली, २२२ जणांच्या साक्षी घेतल्या. पर्किन्सनी या पुढाऱ्यांना अहवाल वाचायला दिले नाहीत, त्यांना उचलून कारखान्यात नेलं. वॅग्नरना भिंतीतल्या एका लहान भोकातून सरपटत जाऊन बर्फ धरलेल्या शिडीपाशी पोचायला लावलं. कागदोपत्री तो सुटकेचा मार्ग होता. स्मिथना दोरखंडाच्या कारखान्यातून दहा तासांची रात्रपाळी करून बाहेर पडणाऱ्या बायका दाखवल्या. कुठलाही कायदा करून घ्यायचा असेल त्याने ही पद्धत शिकून घ्यावी.

त्यातून आगीची कवायत सक्तीची झाली, उंच कारखान्यांत पाण्याचे तुषार आले, कारखान्यात धूम्रपान बंद झालं, मजल्यावर किती माणसं बसवायची याची मर्यादा आली, निरीक्षक वाढवले गेले. १९१२ मध्ये बायकांसाठी आठवड्याला ५४ तासांचा कायदा झाला. पर्किन्स १९३३ मध्ये देशाच्या कामगार मंत्री झाल्या, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री, आणि १९३८ च्या केंद्रीय कायद्याने बालमजुरीला आळा घातला, किमान वेतन ठरवलं. हाइन यांच्या फोटोंनंतर तीस वर्षांनी.

मार्चमध्ये तिथे असाल तर २५ तारीख सोडू नका. इमारतीपाशी नावं वाचतात, प्रत्येक नावाला घंटा वाजते, आणि अग्निशमन दल शिडी सहाव्या मजल्यापर्यंत उभारून तिथेच थांबवतं. त्याच दिवशी स्वयंसेवक त्या मुलींच्या जुन्या पत्त्यांवर जाऊन फुटपाथवर खडूने नाव आणि वय लिहितात. तुम्हीही विचारून एक नाव मागून घेऊ शकता.

परतीची पाथ गाडी नवव्या रस्त्याच्या स्टेशनवर मिळते, बागेपासून दहा मिनिटं. अंगात ताकद असली तरी त्याच दिवशी कोलंबिया विद्यापीठाकडे जाऊ नका, ते बरंच वर आहे, त्याला दुसरी सकाळ द्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये तिथे शिकायला आले, म्हणजे पर्किन्स आणि आयोगाचं काम या शहरात चालू होतं तेव्हाच. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं त्यांच्याकडे असताना १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. तिथल्या लेमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. बाहेरच्या लोकांना आवारात सोडतात की नाही ते निघण्यापूर्वी विचारा, आणि पासपोर्ट बरोबर ठेवा.